प्रमिलाक्काच्या बांगड्या

माझं काम टिकलं ते प्रमिलाक्कामुळं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हिचं त्या बाईशी काहीतरी वाकडं आहे. वाकडं काही नाही. उपकारच आहेत. पण ज्याचे उपकार त्याचा हेवा वाटू नये, असं मला तरी कुणी शिकवलेलं नाही.

अक्काची ओळख तिच्या बांगड्यांपासून करून द्यायला हवी. उजव्या हातात दोन, सोन्याच्या, जुन्या घडणीच्या, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. कॉम्प्युटरचा डबा उघडायच्या आधी ती त्या काढायची आणि ज्याचा डबा असेल त्याच्यापुढं धरायची. "बांगड्या धर." मग समोर बाई असो, बाप्या असो, नाहीतर टाय लावलेला बँकेतला साहेब असो. साहेब बिचारा दोन्ही हातांची ओंजळ करून उभा राहायचा, प्रसाद घेतल्यासारखा.

आतल्या बोर्डाला धातू लागला तर घात होतो, हे त्याचं खरं कारण. पण मग बांगड्या काउंटरवर ठेवता आल्या असत्या की. मी एकदा तसं म्हणाले, तर अक्का म्हणाली, "माझं सोनं हातात असलं की माणूस जागचा हलत नाही. मध्येच बोटं घालत नाही. हे काय, ते काय, करत नाही. गप उभा राहतो."

डबा ठेवून जायची सोय तिच्याकडं नव्हती. कुणी म्हणालं, अक्का, संध्याकाळी येऊन नेतो, की ही चष्म्यावरून बघायची. "बाळंतिणीला दवाखान्यात टाकून सिनेमाला जातोस काय रे? बस इथं." आणि माणसं बसायची. चामराजपेटेत कॉफीपूड दळून देणारं एक दुकान आहे, त्याला लागून एक जिना वर जातो, त्या जिन्याखालच्या जागेत अक्काचं काउंटर. पुढं एक बाकडं. त्या बाकड्यावर बसून कॉफीचा वास घेत लोक आपापल्या डब्याची वाट बघायचे, आणि अक्का काम करता करता सगळ्यांची खरडपट्टी काढायची. कन्नडमध्ये, मराठीत, मधूनच तमिळमध्ये. कुणालाही राग यायचा नाही. हेच मला पहिल्यांदा खुपलं. मी रिक्षावाल्याला आमच्या पेठेचं नाव, साधं "चिकपेट" म्हटलं तरी तो दोनदा विचारतो. ही बाई रिक्षावाल्याला वेंधळा म्हणायची आणि तो हसून तिचा डबा उचलून द्यायचा.

आमचं गाव आटपाडीकडचं. आमच्या भागातली माणसं सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. त्याला गलाई म्हणतात. माझ्या सासऱ्यांची भट्टी चिकपेटच्या एका बोळात, आणि भट्टीच्या वर आम्ही राहतो. सासऱ्यांना मी मामा म्हणते. माझी शाळा आठवीत सुटली. पुढची शाळा ओढ्यापलीकडं होती आणि घरच्यांना ओढ्याची भीती होती. ती भीती माझ्या अंगात कायमची शिरली असावी. मला सगळ्याची भीती वाटते. दाराची बेल वाजली तरी आधी छातीत धडधड होते, मग मी उठते.

अशा माणसाला ह्या शहरात एकच गोष्ट स्वतःची म्हणून मिळाली होती. चामराजपेटेतल्या एका फोटो स्टुडिओचे लग्नाचे अल्बम मी घरी बसून करून द्यायचे. फोटो निवडायचे, पानांवर मांडायचे, नवरीच्या मागचा कुलर पुसून तिथं फुलं आणायची. हे काम मी त्याच स्टुडिओत बघून बघून शिकले. घरातला कॉम्प्युटर जुना, कुणाकडून तरी घेतलेला. पण कॅमेरे मोठे होत गेले, फोटो जड होत गेले, आणि माझं मशीन एक पान उघडलं की तोंड फिरवून बसायला लागलं. मी चहा करून यायचे, तोवर नवरीचा अर्धाच चेहरा आलेला असायचा.

स्टुडिओचे मालक चांगले. त्यांनी सरळ सांगितलं, "दसऱ्यानंतर लग्नं सुरू होतात अम्मा. तुमचं मशीन एवढं उचलत नसेल तर ह्या वर्षी मी काम दुसरीकडं देतो. रागावू नका." एकदा दुसरीकडं गेलेलं काम परत येत नाही, हे मलाही कळत होतं.

माझ्या नवऱ्यानं मनावर घेतलं आणि बाजारातून रॅमची एक पट्टी आणली. नवी कोरी. ती बसेना. त्यांनी जोर लावला. तरी बसेना. तेव्हा मालकांनीच पत्ता दिला, "प्रमिलाक्काकडं जा." मी रिक्षात डबा मांडीवर घेऊन गेले.

अक्कानं पट्टी हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जोर कुणी लावला?"

"आमच्या ह्यांनी. थोडाच."

"पुरुषांचा थोडा, का बायकांचा थोडा?"

बाकड्यावरचे दोघं हसले. मी घामानं भिजले.

"घाबरू नको ग. बांगड्या धर." तिनं डबा उघडला, आतली जुनी पट्टी काढली आणि नवी तिच्याशेजारी धरली. "खाच बघ. हिची इथं, हिची तिथं. तांदळाच्या दाण्याएवढा फरक. तुझा बोर्ड जुन्या पिढीचा, ही पट्टी पुढच्या पिढीची. जुळत नाही हे कळावं म्हणूनच ती खाच वेगळी ठेवलीय. तरी जोर लावला तर एक तर पट्टी मोडते, नाहीतर घर मोडतं. लग्नात कसं? तसंच."

मग तिनं माझं काम विचारलं. कसले फोटो, एका वेळी किती उघडतेस, दुसरं काय काय चालू असतं. डॉक्टर विचारतात तसं. मी सांगत गेले आणि ती मान हलवत गेली.

"चार जीबीच्या ताटात जत्रेचं जेवण वाढतेस तू. सांडणारच. सांडलेलं ते उचलून हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं, परत तिथनं आणतं. त्या येरझाऱ्या म्हणजे तुझं ते थांबणं. आठ आणि आठ, अशी जोडी घालू."

"सोळाची एकच घेतली तर?" मी कुठूनतरी धीर करून विचारलं.

"तुझा बोर्ड एका जागी आठाच्या वर खात नाही. आणि जोडीनं असल्या की दोघी मिळून वाहतात, काम पटपट होतं. पण जोडी म्हणजे सख्ख्या बहिणी पाहिजेत. तोच आकडा, तोच वेग." तिनं जुन्या पट्टीवरचा कागद माझ्यासमोर धरला. "वाच."

मी एकेक इंग्रजी अक्षर लावत वाचलं. तीही थांबली.

"किती शिकलीस?"

"आठवी."

"सरी, ठीक आहे. अक्षर कळतंय, आकडा कळतोय. अजून काय पायजे." ती पट्टी उजेडाकडं नेऊन उलटसुलट करत होती. एकदम थांबली. त्या पट्टीच्या पिवळ्या दातांवर काळसर हिरवट डाग होते. पट्टीच्या खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना ती दात म्हणायची. "तुमच्या घरात काय करतात ग? तेजाब आहे का घरात?"

मी म्हणाले, खाली सोन्याची भट्टी आहे.

"तर मग. धूर वर येतो आणि दात किडतात. मी घर बघितल्याशिवाय नवी पट्टी घालणार नाही."

आणि ती आली. हेव्याची खरी गोष्ट इथून पुढं.

आमचे मामा म्हणजे कमी बोलणारा माणूस. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून त्यांच्या तोंडून माझ्यासाठी "जेवलीस का" एवढंच निघालं असेल. माझ्या कामाला ते "ते चित्रांचं" म्हणायचे. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची बैठक. हवेशीर जागा तेवढीच. माझा कॉम्प्युटर आतल्या भिंतीला, बरोबर भट्टीच्या धुराड्याच्या अंगाला. खिडकीचा कोपरा मला मिळेल का, असं मी सासूबाईंमार्फत कधीपासून विचारत होते. उत्तर आलं नव्हतं.

अक्का चप्पल काढून आत आली, नाकानं हवा ओढली, भिंतीवर हात फिरवला आणि मामांसमोर जाऊन बसली. "मामा, तुमचं सोनं शुद्ध होतंय, पण सुनेचं मशीन कुजतंय. ही खिडकी तिला द्या. तुम्ही पलीकडं बसा. तिथनं रस्ता पण दिसतो."

मी दारात गोठले. मामांनी खिडकीकडं बघितलं, पलीकडं बघितलं, आणि म्हणाले, "व्हय की. दिसतोय खरा."

संपलं. एवढंच होतं ते.

मग डबा तिथंच उघडला गेला. सवयीनं अक्कानं बांगड्या काढल्या. मी हात पुढं केला. पण तिनं त्या मामांच्या हातात दिल्या. मामांनी तळहातावर त्या हलकेच झेलल्या, जन्मभर लोकांचं सोनं तोललेला हात तो, आणि म्हणाले, "जुनं हाय. आईचं?"

"आज्जीचं," अक्का म्हणाली. "ती साताऱ्याकडची. आमची तिसरी पिढी इथं."

तिथून जे सुरू झालं ते सांगायला नको. मामांनी विचारलं, जुनी पट्टी का टाकायची, एक जुनी एक नवी लावली तर नाही चालणार? अक्का म्हणाली, चालेल, पण नवी जुनीच्या चालीनं चालेल. मामा म्हणाले, "म्हंजे खिलार खोंड आणि म्हातारा बैल एका जुवाला." अक्कानं मांडीवर थाप मारली. "अगदी बरोबर मामा. गाडी म्हाताऱ्याच्याच चालीची." मामा खूश. मग त्यांनी तिला आपली कसोटी दाखवली, तो काळा दगड, ज्यावर सोनं घासून रेघ ओढतात आणि रेघेवर तेजाबाचा थेंब सोडून खरं-खोटं बघतात. मी त्या घरात आल्यापासून तो दगड लांबूनच बघितलेला. अक्कानं तो हातात घेतला.

सासूबाईंनी चांगले पेले काढले. पोह्यांबरोबर शेंगदाण्याची चटणी दिली. अक्का म्हणाली, "चटणीत मीठ स्वल्प कमी आहे हो," आणि सासूबाई चक्क हसून उठल्या, मीठ आणायला. मी असं म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मी आणि आमची स्वयंपाकाची भिंत जाणतो.

त्या दिवसापासून घरात तिचंच नाव. "अक्काला विचार." "अक्का काय म्हणाली?" फोनवर माझ्या आईनंसुद्धा विचारलं, "ती बाई परत आली होती का ग?" मी म्हणाले, "आई, माझी तब्येत विचार." मला तिची प्रत्येक गोष्ट हवी होती. तिचं कन्नड, तिची ती अबोलीची वेणी, डब्याच्या आत बिनदिक्कत जाणारे हात, आणि कुणाच्याही घरात शिरून खिडकी मागायची ती छाती. मी दिवसभर त्या मशीनवर काम करायचे, पण त्याच्या पोटात काय आहे ते बघायला मला तिच्या मागं उभं राहावं लागायचं. तेही मोकळ्या हातांनी, कारण ती घरी यायची तेव्हा बांगड्या आता मामांकडं असायच्या.

अक्का काही संत नव्हती. स्वतःची तारीफ करायला तिला दुसरा माणूस लागायचा नाही. "ह्या पेटेत माझ्यासारखी बोटं नाहीत," असं ती दिवसातून एकदा तरी बोलायचीच. दुसऱ्या दुकानात जाऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मुद्दाम ताटकळत ठेवायची. आणि चुकली की कबूल करायची नाही, मशीनवर ढकलायची. हे मी तेव्हा मनात साठवून ठेवत होते. हेवा करणाऱ्याला असा शिधा लागतो.

जोडी यायला वेळ लागला. जुन्या पिढीच्या पट्ट्या आता सहज मिळत नाहीत, आणि अक्काला सख्ख्या बहिणीच हव्या होत्या. शेवटी खंडेनवमीच्या सकाळी ती पाकीट घेऊन आली. इकडं त्याला आयुधपूजा म्हणतात. सगळीकडं रिक्षांना झेंडूच्या माळा, दुकानांपुढं फोडायला कोहळे. ती घाईत होती. "माझ्या काउंटरची पूजा आटपून येते. तोवर पाकीट उघडू नका. दातांना बोट लावू नका. ऐकलं ना?" ऐकलं. मी तरी ऐकलं.

मी स्वयंपाकात होते. मामांनी भट्टीची हत्यारं मांडली होती: मूस, चिमटे, तराजू, कसोटी. पूजेला बोलावलं म्हणून मी बाहेर आले आणि बघते तर चौरंगावर त्या सगळ्यांच्या मध्ये माझ्या रॅमच्या दोन पट्ट्या. पाकिटातून काढलेल्या, धुतल्या तांदळांवर ठेवलेल्या, हळदकुंकू लावलेल्या.

"तुजंबी हत्यार हाय न्हवं," मामा म्हणाले.

मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या घरात माझं काही चौरंगावर बसलं ते पहिल्यांदाच. डोळे भरून आले. आणि लगेच मनात आलं, हे अक्कानंच त्यांच्या डोक्यात भरवलेलं असणार. म्हणजे हेही तिचंच.

अक्का आली, तिनं तांदळावरच्या पट्ट्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला. पण बोलली नाही. पूजेतल्या वस्तूला बोल लावायचा नसतो. बांगड्या मामांना दिल्या. पर्समधून खोडरबर काढून दातांवरचं हळदकुंकू हलक्या हातानं पुसलं, फुंकर मारली, पट्ट्या बसवल्या. दोन्ही बाजूंच्या कड्या टक टक लागल्या. वीज चालू केली.

पडदा काळा. डब्यातून लांब शिट्टी. थांबून परत शिट्टी.

तिनं एकच पट्टी लावून बघितली. शिट्टी. दुसरी लावली. शिट्टी. जागा बदलल्या. शिट्टी. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यानंतर लगेच पहिल्या लग्नाचे फोटो यायचे होते. मालकांना मी हो म्हणून बसले होते.

अक्का दोन्ही पट्ट्या घेऊन खिडकीत गेली. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिली. मग वळली आणि माझ्याकडं नाही, मामांकडं बघितलं.

"मामा, कस लावला काय हो?"

मामा तराजूचं पारडं पुसायला लागले.

"मामा."

"बघितला जरासा," मामा म्हणाले. "पिवळं दिसत हुतं. म्हटलं, फसवलं तर न्हाई पोरीला. खरं हाय का बघावं."

"एकीचा?"

"एकीनं काय कळतंय? जोडी हाय म्हणाला हुता न्हवं तुमी. दोन्हीचा बघितला."

त्यांनी दगड पुढं केला. त्यावर दोन फिकट रेघा होत्या. म्हणजे माझ्या मशीनचे दात मामांच्या कसोटीवर गेले होते. त्या पट्ट्यांवर सोनं असतं ते कागदाहून पातळ. एकदा घासलं की खालचा धातू उघडा पडतो.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मामांची मान खाली. एवढ्या वर्षांत त्यांची मान खाली गेलेली मी बघितली नव्हती.

अक्का त्यांच्यासमोर खाली बसली. "बांगड्या दिल्या तेव्हा कस लावला नाहीत. नि ह्या दोन पट्ट्यांवर विश्वास बसला नाही होय?"

मामांनी वर बघितलं. "माणूस बघितल्यावर सोनं कशाला बघायचं? ह्या पट्ट्या कुठल्या गावच्या, कुणाला ठाव."

"बरं, मग उतरलं काय कसाला?"

"खरं हाय," मामा म्हणाले. "पर लई म्हंजे लईच कमी हाय."

अक्का हसायला लागली. मग मामा हसले. असे हसले की खोकला आला, सासूबाईंना पाणी आणावं लागलं. आणि मी त्या दोघांच्या मध्ये उभी, काम हातचं चाललेलं, सोनं गेलेलं, आणि मनात काय, तर ह्या माणसाला मी कधी असं हसवू शकले नाही. माझं वाटोळं झालं त्याच्यावरसुद्धा हीच हसवते.

अक्का उठली. "येते. स्वल्प थांबा."

ती परत आली तेव्हा तिच्या हातात रुमालात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या होत्या. तोच आकडा, तोच वेग. काउंटरवरचं तिचं स्वतःचं मशीन माझ्याच पिढीचं. त्याचीच जोडी बघून तिनं माझी निवडली होती. ती जोडी ती काढून घेऊन आली होती.

"अक्का, मग तुमचं?"

"माझं काय, मी पत्ते खेळते त्याच्यावर. बांगड्या काढ."

मला कळेना.

"तुझ्या ग. हातातल्या काढ."

माझ्या हातात काचेच्याच. मी एकेक काढल्या. तिनं त्या स्वतःच्या ओंजळीत घेतल्या. "आधी डब्याच्या लोखंडाला हात लाव. अंगातली वीज जाऊ दे. हां. आता खाच जुळव. जोर नाही. आधी जुळव, मग दाब. दोन्ही अंगठे. ऐकू येईपर्यंत दाब."

वाटलं, बोर्ड मोडणार. सगळ्या घरादारासमोर मोडणार.

"मोडत नाही," ती म्हणाली. "दाब."

टक.

दुसऱ्या पट्टीला ती खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली. मी दाबली. टक. एक छोटी शिट्टी झाली आणि पडदा उजळला. मी सगळ्यात जड अल्बम उघडला. नवरीचा चेहरा आला तो पूर्ण आला, एकदम, कानातल्या झुब्यांसकट.

मामा म्हणाले, "अक्काच्या हाताला यश हाय."

अंगठे माझे होते. पण मी काही बोलले नाही. अक्का बोलली. "हात सुनेचे होते मामा. चष्मा लावा." मामांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय," म्हणाले. तेवढंच. पण तेही तिच्या सांगण्यावरून, हे माझ्या मनानं लगेच नोंदवलं. मन मेलं असंच असतं.

लग्नाचा हंगाम माझ्याकडंच राहिला. अल्बम घेऊन चामराजपेटेत जाणं व्हायचं तेव्हा अक्काकडं डोकवायचे. तिच्या मशीनचा डबा एका बाजूनं उघडाच असायचा. आत एकच जुनाट पट्टी. ती पत्ते खेळत नव्हती. शेजारपाजारच्यांचे अर्ज, पत्रिका असलं काय काय टाइप करायची आणि अक्षर उमटायची वाट बघत बसायची, मी बसायचे तशी. मी म्हणाले, मिळतील तिथून शोधून तुमच्यासारखी जोडी आणते. ती म्हणाली, "राहू दे ग. मला घाई कुठं आहे." मी खूप शोधली. जुन्या पिढीच्या सख्ख्या बहिणी मिळाल्या नाहीत. मिळाल्या त्या सावत्र.

पुढं तो जिना पाडला. इमारत नवी होणार म्हणून. अक्का शहराबाहेर, आनेकलला भावाकडं राहायला गेली.

परवा मी आणि माझा नवरा नवं मशीन बघायला एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो. थंडगार हवा, पांढरे दिवे, आणि वहीसारखे पातळ कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले. तिथं एका टेबलापाशी ठेंगणी पाठ दिसली आणि अबोलीची वेणी. भावाच्या मुलाला कॉम्प्युटर घ्यायला आली होती. मुलगा पलीकडं बिल करत होता.

अक्कानं ते पातळ यंत्र पालथं केलं होतं. अंगठ्याच्या नखानं कडेकडेनं चाचपत होती, स्क्रू शोधत. समोरच्या पोराला कन्नडमध्ये विचारलं, रॅम किती, पुढं वाढवायची तर कुठनं उघडायचं. पोरगा नम्रपणे म्हणाला, मॅडम, ह्यात वाढवता येत नाही, आतच चिकटवलेली असते, उघडायचं काही नसतं.

"बघू तर," अक्का म्हणाली. आणि सवयीनं तिनं उजव्या हातातल्या बांगड्या काढल्या आणि त्या पोरापुढं धरल्या.

पोराला काही कळलं नाही. तो बांगड्यांकडं बघत उभा राहिला. हात तसाच अधांतरी.

मी पुढं झाले आणि बांगड्या घेतल्या.

तिनं माझ्याकडं बघितलं. आश्चर्य वगैरे काही नाही, जणू मी काल भेटले होते. "बघ ग सुरेखा, खाचच नाही," म्हणाली. परत एकदा ते यंत्र उलटं केलं, सुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला. मग जपून टेबलावर ठेवलं, माझ्याकडं हात पुढं केला, बांगड्या घेतल्या आणि एकेक करून घातल्या. "मामा बरे आहेत ना? आता कशाकशाला कस लावतात?" तेवढ्यात तिच्या भाच्यानं हाक मारली. दारापाशी ती खोक्याला एका बाजूनं हात लावून चालत होती, पेशंटच्या स्ट्रेचरला लावतात तसा.

मी त्या दिवशी काही घेतलं नाही. नवऱ्याला म्हणाले, उघडणारंच घ्यायचं, मोठं, जागा अडवणारं, चार पट्ट्या बसणारं. थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

ते घरी येईल त्या दिवशी मी आनेकलला जाऊन अक्काला घेऊन येणार आहे. पट्ट्यांची जोडी तिनं निवडायची, डबा तिनं उघडायचा. मला आता सगळं येतं, स्क्रू, खाच, अंगठे, सगळं, पण मी जवळ जाणार नाही. मामा तिचं कौतुक करतील, सासूबाई चांगले पेले काढतील, आणि मला जे वाटायचं ते वाटेलच, त्याला इलाज नाही. फक्त मामांनी हात पुढं करायच्या आत मी पुढं होणार. त्या दिवशी अक्काच्या बांगड्या मी सांभाळीन.